दुखेपर्यंत चालायचं?

साशंक : तुमचं म्हणणं मला पटत नाही, म्हणून मुळापासून विचारतो. पायाच्या धमनीत चरबीचा थर साचलाय, तिची पोकळी अरुंद झालीय. माणूस शंभर-दीडशे मीटर चालला की पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी कडक होते आणि त्याला थांबावंच लागतं. दोन-चार मिनिटं उभा राहिला की दुखणं जातं. पुन्हा चालू लागला की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा येतं. कारणही उघड आहे. चालणाऱ्या स्नायूला जेवढं रक्त हवं तेवढं पोचत नाही. आता अशा माणसाला तुम्ही उपचार म्हणून काय सांगता, तर चालणं. ज्यानं दुखतं तेच करायचं, आणि तेही दुखेपर्यंत! नळात गाळ साचून धार बारीक झाली, तर आपण नळ साफ करतो किंवा नवा टाकतो. तोटी जास्त वेळा फिरवून धार मोठी होत नाही. शिवाय छातीत कळ येणाऱ्याला आपण कधी म्हणतो का, की कळ येईपर्यंत जिना चढा? मग पायालाच वेगळा नियम कशासाठी?

आग्रही : नियम वेगळा आहे, कारण स्नायू वेगळा आहे. हृदयाला रक्त कमी पडलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते आणि माणूस जिवाला मुकतो. पोटरीला चार-पाच मिनिटं रक्त कमी पडलं तर ती दुखते, आणि थांबलं की पूर्ववत होते. एवढ्या अवधीत तिचं कायमचं नुकसान होत नाही. म्हणूनच हा व्यायाम सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यायची असते. धोका पोटरीला नसतो, धोका असलाच तर छातीला असतो.

आता नळाचं. नळाच्या टोकाशी बादली असते. जेवढं पाणी येईल तेवढंच तिला मिळतं. पायाच्या टोकाशी मात्र जिवंत स्नायू आहे. आलेलं रक्त कसं वापरायचं, कुठे वळवायचं, त्यातला प्राणवायू किती ओढून घ्यायचा, हे तो शिकू शकतो. जर्मनीतल्या विल्हेल्म अर्ब यांनी १८९८ मध्येच या दुखण्याला चालण्याचा व्यायाम सुचवला होता. पुढे १९६६ मध्ये लार्सन आणि लासेन या डॅनिश डॉक्टरांनी चौदा रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना रोजचा व्यायाम दिला आणि निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. व्यायाम करणारे जास्त चालू लागले. चाचणी लहान होती, पण प्रश्न बरोबर विचारलेला होता. त्यानंतर अशा चाचण्या होत राहिल्या. २०१७ मध्ये, चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षणानं त्यांतल्या ३२ चाचण्या आणि १,८०० हून अधिक रुग्ण एकत्र तपासले. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणारे दुखणं सुरू होण्याआधी सरासरी ८२ मीटर जास्त चालले, आणि एकूण अंतर सुमारे १२० मीटरनं वाढलं. त्याच परीक्षणात आणखी एक गोष्ट आढळली, ती तुम्हाला आवडेल. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं जे गुणोत्तर आपण पाहतो, जे ०.९ च्या खाली गेलं की पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं निदान होतं, ते गुणोत्तर व्यायामानं सुधारलं नाही.

साशंक : आवडलं, कारण त्यात माझाच मुद्दा आहे. धमनी उघडली नाही, घोट्यापर्यंत पोचणारा दाब वाढला नाही, आणि तरी माणूस जास्त चालतो. मग तुम्ही त्याला दुखणं सोसायला शिकवलंत, एवढाच अर्थ उरतो. सोसण्याचं मोल मी कमी लेखत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका गुडघे-कंबर धरून आयुष्यभर सोसत आल्या आहेत, आणि आपण त्याला सवय म्हणून मोकळे झालो. मला भीती वाटते ती नेमकी हीच. दवाखान्यानं एका आजाराला सहनशक्तीचा अभ्यासक्रम लावून द्यावा आणि त्याला उपचार म्हणावं, हे मला खपत नाही.

आग्रही : ही शंका मी हलक्यानं घेणार नाही. आधी तिच्यातला खरा भाग मान्य करतो. जास्तीत जास्त चालण्याचं अंतर वाढलं, तर त्यात सोसण्याचा वाटा असू शकतो. पोटरी दुखली म्हणजे काहीतरी फाटतंय ही भीती गेली, तरी माणूस आणखी चाळीस पावलं टाकतो. पण दुखणं सुरूच उशिरा होतं, याचं काय कराल? ते ८२ मीटर दुखण्याच्या आधीचे आहेत. जे दुखणं अजून आलंच नाही ते सोसण्याचा प्रश्न येत नाही. तिथे स्नायूत काहीतरी बदललेलं असणार.

काय बदलतं, याचं एकच उत्तर नाही, आणि मला ते तसंच ठेवायचं आहे. एक म्हणजे स्नायूतल्या केशवाहिन्या वाढतात. रक्त धमनीतून तेवढंच आलं तरी ते पेशींच्या जास्त जवळ पोचतं. दुसरं, पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे जिथे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होते त्या जागा, जास्त चांगलं काम करू लागतात. तिसरं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचं आहे. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल होते. या आजारात अस्तराचं हे काम मंदावलेलं असतं, नियमित व्यायामानं ते सुधारतं. शिवाय चाल बदलते. दुखण्याच्या धास्तीनं माणूस पाय ओढत, अडखळत चालत असतो. सरावानं पाऊल नीट पडू लागलं की तेवढंच अंतर कमी खर्चात कापलं जातं. आणि शेवटी हे बघा : ज्यांना पायानं व्यायाम करणं कठीण आहे त्यांना हातांनी फिरवायच्या पॅडलवर व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा त्यांचंही चालण्याचं अंतर वाढलं. पायाला हात न लावता पाय सुधारला. यावरून दिसतं, की काही फायदा साऱ्या शरीराच्या रक्ताभिसरणातून येतो, तो फक्त त्या एका तुंबलेल्या जागेचा नाही.

साशंक : आडवाटांचं काय? मोठी धमनी बंद झाली की शेजारच्या लहान वाहिन्या रुंद होऊन रक्त पुढे नेतात, हे मी शाळेपासून ऐकतोय. व्यायामाचे सगळे समर्थक आधी तेच सांगतात. तुम्ही ते मागे का ठेवलंत?

आग्रही : मुद्दाम ठेवलं. आडवाटा असतात हे निर्विवाद आहे. १७८५ मध्ये लंडनमध्ये सर्जन जॉन हंटरनं गुडघ्यामागच्या धमनीचा फुगा असलेल्या रुग्णाची मांडीतली मुख्य धमनी बांधून टाकली, आणि पाय जगला, कारण बाजूच्या वाहिन्यांनी भार उचलला. प्राण्यांमध्ये व्यायामानं अशा वाहिन्या वाढल्याचंही दाखवलं गेलंय. पण माणसात, व्यायामाच्या कार्यक्रमानंतर घोट्यापाशी दाब वाढलेला दिसत नसेल, तर सगळं श्रेय त्या आडवाटांना देणं घाईचं होईल. सोपं आणि चित्र काढून दाखवता येण्यासारखं कारण म्हणून ते लोकांना सांगितलं जातं. मला ते अर्धं खरं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं वाटतं.

साशंक : हे प्रामाणिक झालं. मग आता अंतराकडे या. ८२ मीटर! एका लांब लोकलगाडीइतकंसुद्धा नाही. एवढ्यासाठी तीन महिने आठवड्यातून तीन वेळा घाम गाळायचा? त्यापेक्षा जांघेतून एक तार आत घालून फुगा फुगवला, स्टेंट बसवला, की दुसऱ्या दिवशी माणूस घरी. १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पायाची धमनी पहिल्यांदा अशी आतून नळी घालून उघडली, तेव्हा फुगा किंवा स्टेंट नव्हता, ती पाय काळा पडत चाललेल्या ८२ वर्षांच्या बाईंची. त्यांचा पाय वाचला. साठ वर्षांत ते तंत्र कुठल्या कुठे गेलंय. आपल्याकडे मोठ्या शहरांत ते उपलब्ध आहे, आणि तुम्ही मला शंभर मीटरचं आमिष दाखवता.

आग्रही : ८२ मीटर ही सरासरी आहे, आणि सरासरी काढताना काही न बदललेले लोकही त्यात मिसळलेले असतात. पण तीही थोडकी नाही. घरापासून रिक्षास्टँडपर्यंतचं अंतर न थांबता जाता येणं आणि मध्ये दोनदा थांबावं लागणं, यात एका माणसाचं बाहेर पडणं-न पडणं ठरतं. तुम्ही म्हणता त्या बाईंचा पाय काळा पडत होता, हे मात्र विसरू नका. तिथे धमनी उघडायलाच हवी. पाय जायची वेळ आलेला माणूस आणि चालताना पोटरी भरणारा माणूस, हे एकाच आजाराच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर असतात. ज्याला रात्री झोपेत पाऊल ठणकतं आणि पलंगाखाली पाय लोंबता सोडला की बरं वाटतं, किंवा ज्याच्या बोटावरची जखम भरतच नाही, त्याला मी एक पाऊलही चाला म्हणणार नाही. त्यानं त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जावं.

चालताना दुखणाऱ्यांत मात्र दोन्ही उपचार समोरासमोर ठेवून पाहिलेत. अमेरिकेतली क्लेव्हर नावाची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण १११. सगळ्यांच्या पोटातल्या किंवा ओटीपोटातल्या मोठ्या धमन्या अरुंद झालेल्या, म्हणजे जिथे स्टेंट सगळ्यांत चांगला चालतो तीच जागा. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ केवळ औषधं घेणाऱ्यांत १.२ मिनिटांनी वाढला, स्टेंट बसवलेल्यांत ३.७ मिनिटांनी, आणि देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत ५.८ मिनिटांनी.

साशंक : मी ती चाचणी वाचलीय, म्हणून तुम्ही सांगायचं राहिलेलं सांगतो. त्याच रुग्णांना विचारलं, तुमचं रोजचं जगणं कसं आहे, तर स्टेंटवाले जास्त समाधानी निघाले. ट्रेडमिलवर चालायचा सराव केलेले लोक ट्रेडमिलच्या परीक्षेत पुढे जाणारच. रस्ता ट्रेडमिलसारखा नसतो. तिथे कठडा नसतो, वेग आपल्या हातात नसतो, आणि मागून मोटारसायकल येते. मला विचाराल तर रुग्णानं स्वतः सांगितलेलं माप घड्याळापेक्षा मोठं आहे.

आग्रही : तुमची ही हरकत रास्त आहे. स्टेंटनं काय साधतं हे मी नाकारतच नाही. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या चाचणीत तर दोन्ही एकत्र दिले. २१२ रुग्ण होते. एका गटाला फक्त देखरेखीखालचा व्यायाम, दुसऱ्याला धमनी उघडून वर व्यायाम. वर्षाअखेर पहिला गट सव्वा किलोमीटरच्या आसपास पोचला, दुसरा दीड किलोमीटरच्या. सुरुवात दोघांची पावणेतीनशे मीटरच्या जवळपासची. म्हणजे उघडलेली धमनी आणि शिकलेला स्नायू दोन्ही मिळाले तर सर्वांत बरं. पण नुसता व्यायाम करणारेही पावणेतीनशेवरून सव्वा किलोमीटरवर गेले, ते कुठलीही तार न घालता. स्टेंट पुन्हा तुंबू शकतो, जांघेच्या खालच्या भागात तर तो धोका जास्तच असतो. मग मी आधी काय देऊ?

साशंक : आधी काय द्यायचं हे ठरवताना तुम्ही एक मोठा प्रश्न टाळताय. पायाच्या धमन्या अरुंद झालेला माणूस सहसा पायानं मरत नाही. बहुतेकांचा पाय पाच वर्षांनीही जवळपास तसाच असतो. त्यांना गाठतो तो हृदयविकार किंवा पक्षाघात, कारण जो थर पायात आहे तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांत आहे. तुमचं कॉक्रेनचं परीक्षण सांगतं का, की चालल्यानं हे लोक जास्त जगले?

आग्रही : नाही सांगत. मृत्यू किंवा पाय कापण्याचं प्रमाण व्यायामानं कमी झाल्याचं त्यात दिसलेलं नाही. जीव वाचवण्याचं काम तंबाखू सोडणं, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, रक्तदाब आणि साखर यांचा ताबा, यांच्याकडे आहे. त्यांच्याऐवजी चाला, असं कुणी सांगत असेल तर तो रुग्णाचा घात करतोय. चालणं त्या गोळ्यांच्या जोडीला द्यायचं असतं, आणि त्याचं काम दुसरं आहे. मिळालेल्या वर्षांत माणूस घराबाहेर पडतो की नाही, ते चालण्यानं ठरतं. चालण्याचं अंतर वाढवणारी सिलोस्टाझॉल नावाची गोळीही आहे, पण हृदय कमकुवत झालेल्यांना ती देता येत नाही, आणि ज्यांचे पाय असे आहेत त्यांच्यात तशी हृदयं बरीच असतात.

साशंक : आता माझ्या खऱ्या हरकतीकडे येतो. १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरांनी या आजाराचा उपचार पाच शब्दांत बसवला होता : धूम्रपान सोडा आणि चालत राहा. तेव्हापासून जगभरचे दवाखाने तेच बोलतायत. तपासणीच्या खोलीत दोन मिनिटांत ते सांगून होतं, रुग्ण मान हलवतो, घरी जातो, दोन दिवस चालतो, पोटरी दुखते, त्याला वाटतं आजार वाढला, आणि तो बसतो. सल्ला देणाऱ्याचं कर्तव्य संपलं आणि दोष रुग्णाच्या नावावर चढला. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न, चालता का रोज? तो खोटं बोलतो किंवा ओशाळतो. हा मला उपचारापेक्षा जबाबदारी झटकण्याचा प्रकार जास्त वाटतो.

आग्रही : यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे, आणि चाचण्याही तेच सांगतात. नुसता सल्ला कामाचा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दोनशे रुग्णांपैकी एका गटाला पावलं मोजायचं यंत्र दिलं आणि फोनवरून मार्गदर्शन केलं. नऊ महिन्यांनी सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात काही फायदा दिसला नाही. पण त्याच्या पाच वर्षं आधी शिकागोत दुसरा प्रयोग झाला होता. तिथे रुग्ण घरीच चालत होते, मात्र आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष गटात जमत होते. किती चाललो, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करायचं, हे एकमेकांसमोर बोलत होते. सहा महिन्यांनी त्यांचं अंतर सुमारे ४२ मीटरनं वाढलं, आणि फक्त आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्या गटाचं उलट थोडं घटलं. म्हणजे यंत्र, फोन, पत्रक, पाच शब्द यांनी काम होत नाही. समोर माणूस लागतो.

आणि काय करायचं तेही नीट सांगावं लागतं. चाला म्हणजे काय? शिफारस अशी आहे : आठवड्यातून निदान तीन दिवस, तीस ते पन्नास मिनिटं, किमान बारा आठवडे. वेग असा, की तीन ते पाच मिनिटांत दुखणं सुरू व्हावं. सुरू झालं की लगेच थांबायचं नाही. मध्यम किंवा त्याहून थोडं वर दुखेपर्यंत चालायचं. मग पूर्ण थांबायचं, बसायचं, दुखणं विरेपर्यंत. आणि पुन्हा. थांबण्याचा वेळही त्या वेळेतच मोजायचा. आठ-दहा मिनिटं न थांबता जमू लागलं की चढ किंवा वेग वाढवायचा. दुखेपर्यंत जाणं खरंच गरजेचं आहे का, याचीही २०२१ मध्ये ३०५ रुग्णांत चाचणी झाली. एका गटाला दुखणार नाही अशा हळू वेगानं चालवलं, दुसऱ्याला दुखेल अशा वेगानं. वर्षभरानं दुसऱ्या गटाचं सहा मिनिटांतलं अंतर ३४ मीटरनं वाढलं, आणि हळू चालणाऱ्यांना काही न करणाऱ्यांपेक्षा फायदा झाला नाही. सकाळी बागेत गप्पा मारत रमतगमत फेऱ्या मारणं मनाला छान आहे. या आजाराला मात्र ते पुरत नाही.

साशंक : मग मला सांगा, मार्केट यार्डातला हमाल दिवसभर चालतो, ऊसतोड करणारी बाई फडात पहाटेपासून उभी असते. त्यांचे पाय तर आपोआप बरे व्हायला हवेत. का होत नाहीत?

आग्रही : मी तर्कच करू शकतो. पोट चालवण्यासाठी चालणारा माणूस दुखणं येऊ देत नाही. पाऊल आखूड करतो, वेग कमी करतो, ओझं ठेवायच्या निमित्तानं थांबतो, जेणेकरून दिवस निघावा. म्हणजे त्याचं चालणं त्या २०२१ च्या हळू गटासारखं होतं. खूप चालूनही स्नायूला तो ताण मिळत नाही. शिवाय त्याला थांबून पूर्ण विसावा घेता येत नाही, आणि तंबाखू बहुधा सोबत असते.

साशंक : तंबाखूचा विषय तुम्ही ओझरता काढलात. आपल्याकडे तोच मुख्य आहे. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत एक वेगळा आजार दिसतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये कापलेल्या पायांच्या तपासणीवरून त्याचं वर्णन केलं. हा चाळिशीच्या आतबाहेरच्या लोकांचा, लहान धमन्यांचा, बोटांपासून सुरू होणारा आजार आहे, आणि दक्षिण आशियात तो जास्त आढळतो. त्याला चरबीचा थर कारण नाही, आणि तंबाखू पूर्ण बंद झाल्याशिवाय तो थांबत नाही. त्या तरुणाला तुमचा ट्रेडमिल काय देणार? दुसरी गोष्ट मधुमेहाची. चेन्नईतल्या एका पाहणीत पायाच्या धमन्यांचा हा आजार मधुमेहींमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास सापडला, इतरांत तीन टक्क्यांच्या आत. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, पोटरी दुखतच नाही. जे दुखणं मापून तुम्ही वेग ठरवता, तेच गायब. तळव्याला फोड आला तरी त्याला कळत नाही. शिवाय त्याच्या धमन्या चुन्यानं कडक झालेल्या असतात, त्यामुळे घोट्याचा दाब खोटाच जास्त येतो आणि तुमचं ते गुणोत्तर सगळं ठीक आहे म्हणतं. तुमचा सगळा पुरावा ज्या रुग्णाचा आहे, तो माझ्यासमोर बसलेला नाही.

आग्रही : बर्गरच्या तरुणाला व्यायाम हा पहिला उपचार नाही, तंबाखू बंद करणं हाच पहिला आणि शेवटचा आहे. इथे आपण एका बाजूला आहोत. मधुमेहाच्या रुग्णाला चालवायचं तर रोज तळवे आरशात बघायचे, मऊ बंद बूट घालायचे, अनवाणी नाही, आणि जखम असली की थांबायचं. घोट्याऐवजी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजता येतो, तिथल्या वाहिन्या सहसा तशा कडक होत नाहीत. दुखणं कळत नसेल तर वेळ आणि थकवा यांवर वेग ठरवावा लागतो. हे सगळं करता येतं, पण करायला शिकलेला माणूस हवा. म्हणजे परत तिथेच आलो.

आणि निदानाचं तर आणखी. आपल्याकडे हे दुखणं घेऊन माणूस कित्येकदा रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे पोचतच नाही. घरचे म्हणतात वात आहे, शेजारी म्हणतात सायटिका आहे. तेल चोळलं जातं, गोळ्या खाल्ल्या जातात. कण्यातली जागा अरुंद झाली तरीही चालताना पाय भरून येतात, हे खरं. पण तिथे उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, आणि सायकल चालवताना त्रास कमी होतो. इथे नुसतं उभं राहिलं तरी दुखणं जातं. हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट पुरतं, आणि ते कोणी विचारत नाही.

साशंक : तर मग तुम्ही स्वतःच माझी हरकत पूर्ण केलीत. तुमचा उपचार म्हणजे चालणं नव्हेच. आठवड्यातून तीनदा त्या माणसासोबत उभा राहणारा, त्याची पावलं आणि तळवे बघणारा, दुखलं की अजून थोडं म्हणणारा आणि जास्त दुखलं की बस म्हणणारा दुसरा माणूस, हा तुमचा उपचार आहे. ब्रिटनमधल्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आठवड्याला दोन तास असे तीन महिने देखरेखीचा व्यायाम द्या म्हटलं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेनं २०१७ पासून बारा आठवड्यांत ३६ सत्रांचा खर्च मान्य केला. नेदरलँड्सनं त्याच वर्षी तो मूळ विम्यात घातला, आणि त्याआधीपासून देशभर या कामाच्या फिजिओथेरपिस्टचं जाळं उभं केलं होतं. त्यांनी चालण्याचे पैसे दिले नाहीत, सोबतीचे दिले. आपल्या विमा योजना दवाखान्यात दाखल होण्याभोवती उभ्या आहेत. स्टेंटसाठी माणूस दाखल होतो, तेव्हा पैसे सुटतात. तीन महिने घरून ये-जा करणाऱ्याला मजुरी बुडवून, बसभाडं घालून, फी भरून यावं लागतं. अशा वेळी त्यानं स्टेंट मागितला तर तो आळशी नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

आग्रही : हिशेब बरोबर आहे, हे मी मान्य करतो. त्यानं निष्कर्ष बदलतो का, एवढंच मला कळत नाही. सोबत महाग आहे, असं आपण धरून चालतो. शिकागोच्या त्या गटाला आठवड्यातून एकदाच एकत्र यायचं होतं, बाकी चालणं घराजवळ. एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मधुमेहाच्या ओपीडीच्या दिवशी आठ-दहा जण एका व्हरांड्यात चालले, एका फिजिओथेरपिस्टनं किंवा शिकवलेल्या नर्सनं त्यांना पाहिलं, तर त्याला यंत्र लागत नाही. लागतो मोकळा व्हरांडा, एक बाक, घड्याळ आणि त्या दिवशी दुसरं काम न लावलेला एक माणूस.

साशंक : दुसरं काम न लावलेला माणूस. सरकारी रुग्णालयात हीच गोष्ट सगळ्यांत दुर्मीळ आहे, तुम्हाला माहीत आहे. आणि तुमच्या शिकागोच्या गटातले लोक कोण होते? बहुधा पेन्शनवर जगणारे, ज्यांना आठवड्यातून एक सकाळ देता येत होती.

आग्रही : म्हणून संध्याकाळी करू. बाजाराच्या दिवशी करू. तुम्ही म्हणता तशा अडचणी मी एकेक करून उत्तरं देऊन संपवू शकणार नाही, हे मला कळतंय. पण मग तुम्हीही एका प्रश्नाचं उत्तर द्या. उद्या सकाळी पंचावन्न वर्षांचा एक माणूस तुमच्यासमोर बसला. बिडी सोडून वर्ष झालं, साखर नाही, दीडशे मीटरवर उजवी पोटरी भरते, रात्री दुखत नाही, जखम नाही. त्याला काय सांगाल?

साशंक : पायाच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करीन, गोळ्या सुरू करीन, हृदय तपासून घेईन. मग त्याला दोन्ही मार्ग सांगीन, क्लेव्हरमधले आकडे आणि रुग्णांचं समाधान दोन्ही सांगीन, आणि त्याला ठरवू देईन. पण तुमच्या मार्गावर पाठवण्याआधी मला तुमच्याकडून काही लिहून हवं. पहिले बारा आठवडे त्याच्या पायांकडे कोण बघणार, त्याचं नाव. सहाव्या आठवड्यात तो आला नाही, तर घरी कोण फोन करणार. तीन महिन्यांनी अंतर वाढलं नाही, तर तुम्ही तुमचा उपचार अपुरा पडला म्हणाल, की तो नीट चालला नाही म्हणाल. स्टेंट तुंबला तर आपण रुग्णाला दोष देत नाही. व्यायाम फसला तर देतो.

आग्रही : पहिल्या दोन गोष्टी लिहून देतो. तिसरीचं उत्तर मला देता येत नाही, कारण नीट न चालणं आणि उपचार अपुरा पडणं या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या करता आलेल्या नाहीत. माझा माणूस तिथे उभा असेल तर तो चालतो, नसेल तर नाही. मग त्याचं न चालणं कुणाच्या खात्यावर मांडायचं?

साशंक : तुमच्या. निदान पहिले तीन महिने तरी तुमच्या.

आग्रही : आणि चौथ्या महिन्यापासून? देखरेख संपली की बरेच जण पुन्हा बसतात. क्लेव्हरमधल्या व्यायाम करणाऱ्या रुग्णांना सहा महिन्यांनंतरही फोन चालू ठेवले होते, तेव्हा दीड वर्षानंतरही पाच मिनिटांची वाढ टिकली. चौथ्या महिन्यानंतर तो माणूस माझा, तुमचा, की त्याच्या घरच्यांचा? यावर तुम्ही आणि मी एकमताला येऊ असं मला वाटत नाही.

साशंक : मलाही वाटत नाही. पण त्याला पाठवतो. त्या तिसऱ्या ओळीची जागा कागदावर कोरी सोडा, खोडू नका.